‘सुकट’ बंद पाडणाऱ्या हरेश्वरला

हरेश्वर, तुझ्या शोकसभेला मी आले नाही. आले असते तर चार शब्द बोलावे लागले असते, आणि मी बोलायला लागल्यावर लोकांनी हाताला धरून मला खाली बसवलं असतं. तिथे तुला मनमिळाऊ म्हणाले म्हणे. हे सांगणाऱ्याचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. इतकी हसले की शेजारच्या बाई काय झालं म्हणून दारात आल्या. राजोडीच्या किनाऱ्यावर मासे सुकवणाऱ्या बायका, तुळिंजचा कागदवाला, सख्खी बहीण आणि शेवटी मी, एवढ्यांशी ज्याने स्वतःहून भांडणं उकरून काढली, तो माणूस मेल्याबरोबर मनमिळाऊ झाला. तू ऐकलं असतंस तर तिथल्या तिथे उठून त्यांच्याशीही भांडला असतास.

आता तू गेलास म्हणून मी तुझ्याबद्दल गोड लिहावं अशी सगळ्यांची अपेक्षा आहे. गोड हा शब्द तूच मला शिवी म्हणून शिकवलास. तेव्हा ते जमणार नाही.

तुझं बारावं झाल्यावर तुझ्या बहिणीचा, कुंदाचा फोन आला. एकदा येऊन जा, एवढंच म्हणाली. कशाला, ते सांगेना. परवा शनिवारी गेले. किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती, घोडे, भजी, स्पीकर, सगळं यथासांग. तुमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या ती आता पाहुण्यांना देते. मागची शेड मात्र तशीच आहे. तुझ्या वडिलांची होडी ठेवायची ती शेड, जिथे आपण ‘सुकट’ हा आपला चित्रांचा अंक छापायचो. कुंदा मला सरळ तिथेच घेऊन गेली. टेबलावर काहीतरी मोठं जुन्या साडीखाली झाकून ठेवलं होतं. तिने साडी काढली. खाली तुझा शेवटचा ब्लॉक होता, चांगल्या हातभर रुंद सागवानी फळीवर कोरलेला. मग तिने माझ्या हातात पटाशी दिली.

“तो सांगून गेला,” ती म्हणाली. “ह्याच्यावर रेघ मारायची ती सुलभाने. दुसऱ्या कोनाला हात लावू द्यायचा नाय.”

मी फळीकडे पाहिलं. आमच्या आचोळ्याच्या गल्लीत टँकरची वाट बघत बसलेल्या बायका. पुढे बादली उपडी घालून तिच्यावर बसलेली माझी आई. चित्र माझं होतं, हरेश्वर. तू मारलेलं माझं चित्र तू पुन्हा कोरलं होतंस, आणि आता ते मी माझ्या हाताने मारावं अशी तुझी शेवटची इच्छा होती. मी टेबलाला टेकले. कुंदाला वाटलं दुःखाने. तिने मला स्टूल दिलं.

आजारी आहेस हे मला कळवू नका म्हणून तू घरात सगळ्यांना बजावलं होतंस. इतके महिने बजावलं होतंस. मेल्यावर मात्र बोलवा म्हणालास. म्हणजे मी भेटायला नको होते, कामाला हवी होते. ही तुझी जुनी पद्धत.

वाचणाऱ्यांना आपला नियम माहीत नसणार, म्हणून तो सांगते. तू मध्ये बोलू नकोस. लाकडावर कोरलेल्या चित्राच्या ठरवलेल्या प्रती काढून झाल्या की त्या लाकडावर एक खोल आडवी रेघ मारतात. मग पुन्हा कुणी शाई लावून छापलं तर प्रत्येक कागदावर ती रेघ उमटते. ब्लॉक बाद होतो. चोरून जास्तीच्या प्रती काढता येऊ नयेत म्हणून ही सोय. सगळीकडे चित्रकार आपली रेघ आपणच मारतात. आपल्याला ते जमेना. पहिल्या अंकाच्या वेळी तू तुझ्या ब्लॉकसमोर पटाशी घेऊन बसलास तो बसूनच राहिलास, आणि मी माझ्या. शेवटी तू म्हणालास, तू माझा बाद कर, मी तुझा करतो. मी तुझ्या ब्लॉकवर रेघ मारली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. त्या दिवसापासून तो नियम झाला. आपल्या ब्लॉकवर आपण रेघ मारायची नाही, दुसऱ्याने मारायची, आणि का मारलीस असं विचारायचं नाही. इतका मूर्ख नियम दोन शहाण्या माणसांनी कसा केला हे मला आजही कळत नाही. पण तेव्हा तो आपल्याला फार मोठा वाटला. विश्वास वगैरे शब्द आपण वापरले होते.

मला मुळात ती रेघच पटत नव्हती, हे तुला आठवत असेल. अंक संपल्यावर आमच्या शाळेतल्या मावशींना त्यातलं एक चित्र हवं होतं, ते देता आलं नाही, आणि मी तुझ्याशी भांडले. लाकूड चांगलं ठणठणीत आहे, शाई आहे, कागद आहे, मागणारं माणूस समोर उभं आहे, आणि आपण त्याला नाही म्हणायचं. ही कुठली कला, असं मी म्हणाले. तू छाप उठवायला कागदाच्या पाठीवर शांतपणे चमचा घासत होतास. म्हणालास, चाळीस म्हणजे चाळीस. एकेचाळिसावी काढली तर पहिल्या चाळीस लोकांशी आपण खोटं बोललो. ह्यावर मी आणखी चिडले. हा वाद आपण प्रत्येक अंकाला घालायचो आणि प्रत्येक अंकाला तो अर्धा राहायचा.

तीनच अंक निघाले. ते आज ज्यांच्याकडे आहेत ते लोक मला अजून विचारतात, पुढचा का आला नाही. मी सांगते, संपादक मेला. तू जिवंत होतास तेव्हाही हेच सांगायचे.

नाव ठेवण्यावरून झालेली बैठक आठवते का? तुझ्या मुंबईच्या मित्रांनी एकापेक्षा एक भारदस्त नावं काढली होती. उच्चार करताना जीभ अडकेल अशी. तू सगळी ऐकून घेतलीस आणि म्हणालास, ‘सुकट’. मित्र हसले. तू हसला नाहीस. आपली चित्रं सुकटीच्या वलांड्यांवरच वाळत होती, त्यामुळे नाव खरं तर आधीच ठरलं होतं. बोंबील सुकवायचे ते बांबूचे मांडव, त्यांच्या एका टोकाला बोंबील आणि दुसऱ्या टोकाला आपले ओले कागद, कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेले. शेजारच्या बायका ओरडायच्या की शाईचा वास माशांना लागतो. तू त्यांना सांगायचास की माशांचा वास चित्रांना लागतो त्याचं काय. आणि तो लागायचाच. वसईच्या एका वर्गणीदार डॉक्टरांच्या मांजराने पहिला अंक फोल्डरसकट फाडून खाल्ला. त्यांनी दुसरी प्रत मागितली. तू दिली नाहीस. चाळीस म्हणजे चाळीस.

फोल्डर कुंदा शिवायची. जाळं विणायच्या सुईने, जाळ्याच्याच दोऱ्याने, आणि गाठही जाळ्याचीच. ती गाठ ओढली तर घट्ट होते, सुटत नाही. लोकांना अंक उघडता यायचा नाही. एकाने कात्रीने कापला तर तू त्याची वर्गणी बंद केलीस. कुंदाचं नाव अंकावर छापायचं मी म्हणाले, तू नाही म्हणालास. तिने काय काढलंय, म्हणालास. त्या दिवशी ती तुझ्याशी बोलली नाही, पण फोल्डर शिवत बसली. मी तुझ्या जागी असते तर मला त्या सुईची भीती वाटली असती.

हे सगळं मी तुला शिव्या घालायला लिहितेय, आणि लिहिता लिहिता मला ती शेड आवडायला लागते. हाही तुझाच कावा.

एक गोष्ट मान्य करते, आणि ती एकदाच. तुझ्याआधी मी चित्रकार नव्हते. शाळेत मुलांना दोन डोंगर, मधून नदी, कडेला झोपडी काढायला शिकवायचे आणि घरी येऊन स्वतःही तेच काढायचे, फक्त मोठ्या कागदावर. माझ्या एका प्रदर्शनात तू आलास. प्रदर्शन म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये लावलेली चित्रं. तू सगळी पाहिलीस आणि मला विचारलंस, बाई, तुम्ही राहता कुठे? मी म्हटलं, आचोळ्याला. मग म्हणालास, तिथं कुठला डोंगर दिसतो? मी रागाने लाल झाले. घरी आले, खिडकीतून खाली पाहिलं, आणि गल्लीत टँकर आला होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा समोर दिसलं ते काढलं. हे ऋण आहे. ते मी नाकारत नाही. पण एखाद्याला डोळे दिले म्हणून नंतर त्यात बोटं घालायचा हक्क मिळत नाही.

ते टँकरचं चित्र मी नंतर कितीतरी वेळा काढलं, आणि चौथ्या अंकासाठी लाकडावर कोरलं. सात-आठ बायका, हंडे, निळे ड्रम, पाण्याचा पाइप. पुढे आई. आई टँकरच्या रांगेत कधी रिकाम्या हाताने बसली नाही. टँकर यायला दोन तास लागणार हे तिला ठाऊक असायचं, म्हणून ती मोड आलेले वाल वाटीत घेऊन खाली उतरायची आणि बसल्या बसल्या सोलायची. सालं एका बाजूला, वाल दुसऱ्या. टँकर आला की वाटी कुणाच्या तरी पोरीकडे द्यायची आणि पदर खोचून भांडायला उभी राहायची. मी ती सोलताना कोरली. अंगठ्याच्या नखाने दाबलेला वाल, त्यातून अर्धा बाहेर आलेला.

तुला ते वाल खुपले. पहिलं प्रूफ बघूनच तू तोंड वाकडं केलंस. म्हणालास, हे गोड आहे. बाई पान्याला बसलीय. तिच्या मांडीवर वाल कशाला? मांडी कोरूच नकोस, काळी सोड. बघनाऱ्याला कळू दे की तिच्याकडं काय नाय. तू चिडलास की तुझ्या बोलण्यातला ण जायचा, त्यावरून मला कळलं की तू गंमत करत नाहीस. मी म्हटलं, तिच्याकडे काय आहे आणि काय नाही हे तुला कोणी सांगितलं? तू तिला रांगेत कधी पाहिलंस? तू तर वर जेवायला यायचास. त्याच वालांचं बिरडं तू दोनदा मागून घ्यायचास, आणि आई भात वाढता वाढता विचारायची की एवढे मासे घरात असताना हा पोरगा लाकडं कशाला सोलत बसतो.

तो वाद आठवडाभर चालला. तू म्हणायचास की चित्रात खरं असून चालत नाही. मी म्हणायचे की खोटं असूनही चालत नाही. मग मी कागद आणायला तुळिंजला गेले. परत आले तेव्हा तू पायरीवर बसून जेवत होतास. माझा ब्लॉक टेबलावर होता, आणि त्याच्यावर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत खोल रेघ होती. आईच्या मांडीतून गेलेली.

“बाद केला,” तू म्हणालास. “हा अंकात जात नाय.”

प्रती निघाल्या नव्हत्या. फक्त चार-दोन प्रुफं निघाली होती. मी तेवढंच म्हणू शकले, की अजून एकही प्रत काढलेली नाही. तू ताटातला मासा सोडवत होतास. म्हणालास, म्हणूनच. आणि नियमात बसतंय, विचारायचं नाही असं आपलं ठरलंय.

माझ्या ब्लॉकशेजारी तुझा ब्लॉक होता. त्याच्याही प्रती निघायच्या होत्या. पटाशी तिथेच पडलेली होती, आणि तुझ्याइतकाच हक्क मलाही होता. मी ती उचलली नाही. कागदाचं बंडल जमिनीवर ठेवलं आणि निघून आले. आजवर मला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त राग येतो, की त्या दिवशी मी सभ्य वागले.

चौथा अंक निघाला नाही. तू फोन केला नाहीस, मी केला नाही. लोकांनी मध्यस्थी करून पाहिली. त्यांना वाटलं, कलावंतांचा रुसवा आहे, जाईल. आईने विचारलं, माझं चित्र छापलं का? मी झालं ते सांगितलं. ती म्हणाली, त्याला जेवायला बोलाव, मी विचारते. तिने खरंच विचारलं असतं. वाढता वाढता विचारलं असतं आणि तुला घास गिळता आला नसता. तू आला नाहीस. माझ्या चित्राला घाबरला नाहीस, पण एका म्हाताऱ्या बाईच्या पंगतीला घाबरलास. नंतर ती गेली. त्या दिवशी आमच्या बिल्डिंगखाली अर्धं आचोळं उभं होतं. कुंदा आली होती. तू नव्हतास.

तेव्हाच मी तुला मनातून काढून टाकलं होतं. म्हणून परवा तुझ्या शेडमध्ये स्टुलावर बसून ती फळी बघताना मला रडू आलं नाही. संताप आला. क्षमा मागायची होती तर फोन होता. रिक्षाने आला असतास तर तासाभरात माझ्या दारात उभा राहिला असतास. पण नाही. सरळ माणसासारखं दार वाजवण्यापेक्षा सागवान कोरणं तुला सोपं वाटलं.

मी कुंदाला विचारलं, हे कधी काढलं? ती म्हणाली, “तुझी आय गेली त्याच्यानंतर. मीच त्याला येऊन सांगितलं. तो इथे येऊन बसला. मग ती फळी आनली.” माझं एक प्रूफ तू आतल्या भिंतीवर चिकटवलं होतंस, तेही तिने दाखवलं. कोपरे पिवळे पडलेत. म्हणजे इतकी वर्षं तू रोज त्याच्यासमोर बसत होतास. दुखण्यातही कोरत होता म्हणाली, हात दुखायचा तर डाव्या हाताने धरून. तुझं कौतुक ऐकायला मी तिथे गेले नव्हते.

तेवढ्यात तिने दुसरी गोष्ट सांगितली. मुंबईचा एक गॅलरीवाला दोनदा येऊन गेलाय. ब्लॉकवर रेघ नाही हे त्याने पाहिलंय. तुझ्या नावाने मरणोत्तर प्रती काढू म्हणतो, खाली फक्त तुझं नाव. रेघ मारली तर त्याचा काही उपयोग नाही, हेही त्याने कुंदाला समजावलंय. “तू सांगशील तसं,” ती मला म्हणाली. तुम्ही भावंडं मला नेहमीच असं सांगत आलात, तू सांगशील तसं, आणि मग जे व्हायचं तेच होतं.

म्हणजे माझ्यापुढे तू दोनच रस्ते ठेवलेस. रेघ मारली तर माझी आई दुसऱ्यांदा बाद होते, आणि ह्या वेळी माझ्या हाताने. नाही मारली तर ती तुझ्या नावाने लोकांच्या भिंतींवर जाते. शाबास. आयुष्यभर इतका चोख डाव तू कधी टाकला नव्हतास.

मी पटाशी खाली ठेवली आणि कुंदाला म्हटलं, आधी एक प्रत काढून बघू. रोलर, शाई, सगळं जागच्या जागी होतं. तुझा तो मोठा स्टीलचा चमचाही. कागद घातला आणि घासायला लागले. कोपऱ्यापासून मध्ये, मग पुन्हा कोपऱ्याकडे, तू शिकवलंस तसं. हाताला ते विसरता येत नाही, माझा नाइलाज आहे. कागद उचलला आणि चित्र समोर आलं.

बायकांचे पाय तू माझ्यापेक्षा चांगले कोरलेस. उभं राहून राहून बोटं पसरतात, टाचेवर भार येतो, ते मला कधी साधलं नव्हतं. पाइप माझ्यापेक्षा जड आहे. रांग माझ्यापेक्षा लांब वाटते. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, इथे लिहिलंय तेवढंच. पण मांडी काळी होती. न कोरलेलं लाकूड काळंच छापतं, आणि आईच्या मांडीवर तू एक रेघसुद्धा कोरली नव्हतीस. तिचे हात मनगटापर्यंत येऊन त्या काळ्यात बुडाले होते. जमिनीवर बसून मरणाच्या दारात कोरलंस, माझी आई गेली म्हणून कोरलंस, आणि तरीही वाल दिले नाहीस. क्षमा मागतानाही तुझंच खरं.

मग मला काय झालं ते सांगते. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तू समोर होतास, तसाच, एक तसूभरही न सुधारलेला, आणि आठवडाभर चाललेला तो वाद जिथे तुटला होता तिथेच माझी वाट बघत होता.

लाकडात एकदा काढलेलं परत घालता येत नाही. तू वाल कोरून मग खरवडले असतेस तर मला काही करता आलं नसतं. पण तू मांडीला हातच लावला नव्हतास. लाकूड सगळं शिल्लक होतं. मी टर्पेंटाइनच्या फडक्याने शाई पुसली, बारीक कोरणी शोधली आणि आईच्या मनगटापासून सुरुवात केली. आधी बोटं. मग वाटी. मग अंगठ्याचं नख आणि त्याखाली अर्धा निघालेला वाल. साग कडक होता, हात दुखायला लागला, दोनदा कोरणी सटकली. बाहेर पाहुण्यांच्या पोरांचा दंगा चालला होता. कुंदा चहा ठेवून गेली, तो गार झाला, तिने दुसरा आणला. मी सालंही कोरली, बाजूला पडलेली, तुला आणखी राग यावा म्हणून.

दुसरी प्रत काढून दोन्ही शेजारी शेजारी टेबलावर ठेवल्या. कुंदाने बराच वेळ पाहिलं. तुझी प्रत जास्त चांगली आहे की माझी, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ठरवता येत नाही. तुझ्या काळ्या मांडीकडे पाहिलं की नजर तिथून हलत नाही. माझ्या प्रतीकडे पाहिलं की आई दिसते.

“रेघ नाय मारनार?” तिने विचारलं.

मी नाही म्हणाले.

“तो काय म्हनेल?”

तू अजून पलीकडच्या खोलीतच आहेस अशा आवाजात तिने ते विचारलं, आणि मीही तशाच आवाजात म्हणून गेले, म्हणू दे त्याला काय म्हणायचंय ते. मी हातात कोरणी घेऊन दाराकडे बघत उभी राहिले. तू येशील, ताट तसंच टाकून उठशील, ओरडशील, सगळे ण गिळशील, माझ्या हातातली कोरणी ओढून घेशील, ह्याची मी खरोखर वाट पाहिली. कुणी आलं नाही. तेव्हा मात्र मला रडू आलं. कुंदाने मला रडू दिलं.

आता ऐक. पाय तुझे आहेत, रांग तुझी आहे, हात आणि वाल माझे आहेत. हा ब्लॉक आता एकट्या तुझा राहिलेला नाही. गॅलरीवाल्याला कुंदा सांगणार आहे की खाली दोन नावं येतील आणि प्रती मोजल्या जाणार नाहीत. तुला हे अजिबात पटणार नाही हे मला माहीत आहे. पण नियम आपलाच आहे, हरेश्वर. आपला हात लागलेल्या ब्लॉकवर आपण रेघ मारायची नाही, दुसऱ्याने मारायची. म्हणजे मला ती मारता येत नाही. तुला एवढंच वाटत असेल तर तू ये, आणि मार.